अण्णांचं फ्लॉरेन्स

डोंबिवली पूर्वेला दर सोसायटीत एक अण्णा असतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा परदेशात नाहीतर पुण्यात, रिडेव्हलपमेंट कमिटीत खजिनदार, आणि दर मे महिन्यात ग्रुप टूर. केरळ झालं, सिंगापूर झालं, की युरोप. आमच्या अण्णांचं फ्लॉरेन्स मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. शेजारी म्हणजे अगदी चिकटून. कारण दोघांच्या सीटवरसुद्धा ते सवयीनं तिसऱ्यासाठी सरकतात.

उभा जन्म लोकल पकडण्यात गेलेला माणूस कुठंही गेला तरी आधी वेळ विचारतो. बस पाचला म्हटलं की अण्णा पावणेपाचला हजर, आणि उशिरा येणाऱ्यांची नावं त्यांना पाठ.

कॅथीड्रलच्या दारात त्यांनी बूट काढले.

“अहो, इथे चालतं,” काकू पुटपुटल्या.

“त्यांना चालत असेल. आपल्याला कळायला नको?”

बूट पिशवीत गेले आणि अण्णा मोज्यांवर आत. गाइड घुमटाचं सांगत होती. ब्रुनेलेस्कीनं 1420 ते 1436 अशी सोळा वर्षं खपून तो बांधला, तोही खालून लाकडी आधार न देता.

“सेंटरिंग न लावता?” अण्णा जागच्या जागी थांबले. मग हिशेब सुरू झाला. “आपला पत्रीपूल 2018च्या नोव्हेंबरात पाडला, 2021च्या जानेवारीत नवा सुरू. सव्वादोन वर्षं. उगाच शिव्या घातल्या आपण कल्याणकरांनी आणि डोंबिवलीकरांनी.” चर्चचा पाया 1296चा आणि दर्शनी भाग पुरा झाला 1887 साली, हे कळल्यावर मात्र खजिनदार गंभीर झाले. “पाचशे एक्क्याण्णव वर्षं! तोपर्यंत भाडं कोण देत होतं? आपल्या बिल्डरच्या कानावर हे जाता कामा नये.”

उफ्फिझीत सगळे बॉटिचेल्लीच्या व्हीनसपुढे गर्दी करून उभे. अण्णा बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात. ही इमारत 1560 साली मेडिचींच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली होती, एवढं कानावर पडलं आणि त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. आवक-जावकचं टेबल कुठं असेल, साहेबांची केबिन कुठल्या टोकाला, शिपाई कुठं बसत असेल, हे त्यांनी मला हात करकरून दाखवलं. चित्रं त्यांच्या लेखी नंतर भिंतीवर टांगलेली. आणि खरं सांगायचं तर उफ्फिझीतलं माझ्या लक्षात राहिलंय ते तेवढंच.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची उंची पाच मीटरच्या वर. अण्णांनी फोटो काढला तो कमरेपासून वर. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा होता. काकूंनी पुतळा खालपासून वरपर्यंत शांतपणे न्याहाळला आणि म्हणाल्या, “हात जरा मोठे झालेत हो.” जाणकारही हेच म्हणतात, हे गाइडनं सांगितल्यावर अण्णांनी बायकोकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

सांता क्रोचेत गॅलिलिओची कबर आहे. तो वारला 1642 साली. चर्चचा त्याच्यावर रोष, म्हणून थडगं त्याच्या तोलामोलाचं व्हायला 1737 उजाडलं. “पंच्याण्णव वर्षं फाइल अडकली,” अण्णा हळहळले. “कुणाची तरी सही राहिली असणार.”

दुपारी बाकीचे चामड्याच्या पिशव्यांच्या बाजारात घुसले. अण्णा काकूंना घेऊन काशीने बागेच्या पार टोकाला गेले. तिथं आर्नो आणि मुन्योने नद्यांचा संगम आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. त्यांचं दहन या संगमावर झालं आणि 1874 साली तिथं अर्धपुतळ्यासह छत्री उभी राहिली. टूरच्या कागदावर हे नव्हतं. अण्णांच्या डायरीत होतं, डोंबिवलीहून निघतानाच लिहिलेलं, लाल शाईनं.

पाचची बस. सव्वापाच झाले, साडेपाच झाले; उशिरा येणारे सगळे आले आणि घड्याळाकडे बघू लागले. पावणेसहाला अण्णा घाम पुसत चढले. टूर मॅनेजर पोरगा चिडला होता. “काका, तुम्हीसुद्धा? होतात कुठं?”

“कोल्हापूरकरांकडे गेलो होतो,” अण्णा सीटवर सरकत म्हणाले. “ते लवकर उठू देतात होय?”