कितीत पडली टिकिट?

भंडाऱ्याला विमानतळ नाही, पण विमानं भरपूर आहेत. सगळी डोक्यावरून जातात. शेजारचं नागपूर देशाच्या मधोमध पडतं, त्यामुळे आमच्या आभाळात चारी दिशांची सारखी वर्दळ. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपणाऱ्या आमच्या पिढीने ते लुकलुकणारे दिवे वर्षानुवर्षं पाहिले, पण आत बसायला काय पडतं हे विचारायची गरज कोणाला भासली नाही. आता प्रत्येक गल्लीतलं एखादं तरी पोरगं डलासला नाहीतर टोरांटोला आहे, आणि तेरवीच्या पंगतीतही प्रश्न ऐकू येतो, "कितीत पडली जी टिकिट?"

खरं उत्तर कोणीच देत नाही. एकरी धान किती झालं आणि पोराचा पगार किती, हे थोडं फुगवून सांगायची आमच्याकडे रीत आहे. विमानाच्या तिकिटाचा आकडा मात्र उतरवून सांगायचा. लाखाला तिकीट घेतलेला माणूस ऐंशी सांगतो, ते ऐकून ऐंशीवाला पासष्ट सांगतो, आणि ज्याच्या घरी पासपोर्टच नाही तो म्हणतो, "माझ्या मावसभावाच्या जावयाले पन्नासात भेटली होती, जाऊन-येऊन." हा मावसभावाचा जावई तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पाहिला कोणीच नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला तो लेकीच्या बाळंतपणावरून. लेक शिकागोला. डॉक्टरांनी दिलेली तारीख जूनच्या सुरुवातीची, म्हणजे आम्ही निघायचं मे महिन्यात. मे महिन्यात विदर्भातला पारा ४५ अंशांशी खेळत असतो, शाळांना सुट्या असतात, आणि ज्याच्या अंगात त्राण आहे तो इथून पळायच्या बेतात असतो. विमान कंपन्यांना हे पाठ आहे.

बातमी फुटताच सल्लागार जमले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं, "मंगळवारी रात्री बारानंतर पाहा काकाजी, भाव पडते." पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामाजी, इनकॉग्निटोमध्ये उघडा. नाहीतर कंपनीला कळते तुम्ही पाहून राह्यले, अन् भाव वाढवते." आमची सौ. म्हणाली, "कळू दे ना. आपण का चोरी करून राह्यलो?"

मंगळवारात आता राम उरलेला नाही. जगभरच्या शेकडो विमान कंपन्यांचे भाव गोळा करून वाटणारी ॲटपको नावाची एक संस्था आहे, १९६५ सालची. कंपन्या तिच्याकडे नवे भाव दिवसातून अनेकदा पाठवतात. पूर्वी हे काम सावकाश चालायचं, तेव्हा वाराला काही अर्थ असेलही. आता भाव मंगळवारीही बदलतो, बुधवारीही बदलतो आणि तुम्ही पासपोर्ट शोधायला कपाटाकडे जाता तेवढ्यातही बदलतो. इनकॉग्निटोचंही तेच. दुपारी दिसलेला भाव संध्याकाळी चढतो, त्यासाठी कोणी तुमच्यावर पाळत ठेवायला लागत नाही. मधल्या वेळात स्वस्त खणातली शेवटची खुर्ची दुसऱ्याने उचललेली असते, एवढंच.

खण म्हणजे काय, ते सांगायला हवं. विमानात पडदा लावून पुढचे आणि मागचे असे दोन-तीन वर्ग केलेले आपल्याला दिसतात. संगणकाला मात्र मागच्या त्या एकाच इकॉनॉमीत दहा-बारा वर्ग दिसतात, आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. वाय म्हणजे पूर्ण भाड्याचा मानकरी. त्याच्या खाली बी, एम, एच, क्यू, के अशी उतरंड. क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण कारभार सारखाच. एका रांगेत तिघं बसलेले असतात, तिघांच्याही गुडघ्यांना पुढची खुर्ची सारखीच टोचते, तिघांनाही तोच गार पाव मिळतो, आणि तिघांनी तीन भाव दिलेले असतात. महागवाल्याला तारीख बदलता येते, पैसे परत मिळतात. स्वस्तवाल्याला फक्त जाता येतं. कुठल्या अक्षरात किती खुर्च्या ठेवायच्या हे संगणक सतत ठरवत असतो. विमान भरतंय असं वाटलं की खालची अक्षरं बंद. नाही भरत असं दिसलं की पुन्हा उघडतात.

यातून एक गोष्ट नवरा-बायकोंच्या उपयोगाची निघते. तुम्ही दोघांचं तिकीट एकत्र शोधलंत आणि स्वस्त अक्षरात एकच खुर्ची उरली असेल, तर बहुतेक ठिकाणी संगणक ती एक स्वस्त आणि दुसरी महाग असं करत नाही. दोघांनाही वरच्या अक्षरात नेऊन बसवतो. म्हणून आधी एकाचा भाव पाहावा, मग दोघांचा. फरक दिसला तर तिकिटं वेगवेगळी काढावीत. स्वस्त खुर्चीवर कोण जाणार, हा प्रश्न आमच्याकडे चर्चेला येत नाही. तिकिटावर नाव कोणाचंही असो, खिडकी सौ.चीच.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, हे मला आमच्या आठवडी बाजारात उमगलं. दिवे लागले की भाजीवाली बाई वांग्याचा भाव अर्ध्यावर आणते, कारण उद्या ती वांगी कोणी घेणार नाही. विमानाची खुर्ची तर वांग्याहून नाशवंत. दार लागलं की तिची किंमत शून्य. मग शेवटच्या दिवशी विमानाचं तिकीट अर्ध्यावर यायला हवं, ते दुप्पट का होतं? फरक गिऱ्हाइकात आहे. बाजारात उशिरा येतो तो माझ्यासारखा काटकसरी माणूस, वांगी नाही मिळाली तर पिठलं करणारा. विमानाचं तिकीट शेवटच्या दिवशी घेणारा मात्र गेल्याशिवाय राहू शकत नाही. त्याची मीटिंग असते, परीक्षा असते किंवा घरात कोणी गेलेलं असतं. कंपनी अंतर विकत नाही, खुर्चीही विकत नाही. तुम्हाला किती अडलं आहे याचा अंदाज बांधते आणि त्याचे पैसे घेते.

हे शास्त्र फार जुनं नाही. विमान कंपन्यांची आयाटा ही संघटना १९४५ मध्ये हवाना इथे स्थापन झाली. त्यानंतर कित्येक दशकं आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांनी एकत्र बसून ठरवायची आणि सरकारांनी त्यावर शिक्का मारायचा, असा शिरस्ता होता. सूट मिळे ती टेबलाखालून, एजंटाच्या कृपेने. लंडनमध्ये अशा दुकानांना बकेट शॉप म्हणत. मग १९७७ साली फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थाने लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत न्यायला सुरुवात केली, आणि लोक तिकिटासाठी रांगा लावून बसले. १९८२ मध्ये त्याची कंपनी बुडाली. अमेरिकेत पीपल एक्स्प्रेस नावाच्या कंपनीने असाच स्वस्ताईचा धडाका लावला. तिला उत्तर म्हणून १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रॅंडल यांनी अगदी तिच्याच तोलाचा भाव काढला, पण विमानातल्या मोजक्याच खुर्च्यांना, आणि अटी घालून. बाकीच्या खुर्च्या पूर्ण भाड्याने विकल्या. कुठल्या खुर्च्या स्वस्त करायच्या हे संगणक सांगत होता. पीपल एक्स्प्रेसकडे तसा संगणक नव्हता. १९८७ पर्यंत ती कंपनी नकाशावरून गेली.

तेव्हाची एक प्रसिद्ध अट अशी होती की, स्वस्त तिकीट हवं तर मुक्कामात शनिवारची रात्र यायला हवी. धंद्याच्या कामाला गेलेला साहेब शुक्रवारी संध्याकाळी घरी परतायला धडपडतो. सासुरवाडीला गेलेला माणूस शनिवारी काय, मंगळवारपर्यंत हलत नाही. एवढ्या एका प्रश्नावर कंपनी ओळखायची की पैसे हापिसचे आहेत की घरचे. आपल्या रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला चढतं भाडं लावलं: १० टक्के जागा विकल्या गेल्या की भाडं १० टक्क्यांनी वर, दीडपटीपर्यंत. पण ते सरळमार्गी गणित. माणूस पाहून भाव सांगण्याची कला त्यात नाही.

अंतराचा आणि भावाचा संबंध किती तुटलेला आहे, ते नागपूरहून आखाताकडे विमानं सुरू झाल्यावर आमच्याकडच्या लोकांना दिसलं. नागपूरहून दोहा, तिथून पुढे शिकागो. पुढचा टप्पा पहिल्याच्या चौपट लांब, पण भाव काही चौपट होत नाही. शिकागोला दोह्यावरून जाता येतं, तसं दुबईवरून, इस्तंबूलवरून, फ्रँकफर्टवरून, लंडनवरूनही जाता येतं. गिऱ्हाईक पळून जाईल म्हणून भाव दाबून ठेवावा लागतो. नागपूरहून थेट दोह्यालाच जाणारा पळून जाणार कुठे?

यावर हुशार लोकांनी एक युक्ती काढली आहे. मधल्या शहराला जायचं असलं तरी पुढच्या शहराचं स्वस्त तिकीट घ्यायचं आणि मध्येच उतरून चालू लागायचं. एका प्रवाशाने ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिएटलचं जाऊन-येऊन तिकीट घेतलं, आणि परतताना फ्रँकफर्टलाच उतरून बर्लिन गाठलं. लुफ्तान्साने त्याच्याकडे २,११२ युरो मागत थेट कोर्ट गाठलं. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. पण ही युक्ती मराठी माणसाच्या कामाची नाही. एक तर मधला टप्पा चुकवला की पुढची सगळी तिकिटं आपोआप रद्द होतात, म्हणजे हा खेळ फक्त शेवटच्या टप्प्यावर चालतो. दुसरं म्हणजे, सामान शेवटच्या शहरालाच जातं. भंडाऱ्याहून बाळंतपणाला निघालेली आई सामानाशिवाय निघाल्याची नोंद कुठल्याही दफ्तरात सापडायची नाही.

अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा मिळायच्या. आता स्वस्तातल्या काही तिकिटांवर एकच मिळते, आणि दुसरीचे पैसे धरले की ते तिकीट स्वस्त उरत नाही. भावांची तुलना करताना हे आधी पाहावं, कारण न्यायचं बरंच असतं: डिंकाचे लाडू, तिखट, हळद, बाळासाठी सुपारीएवढी घुटीची पिशवी, मऊ लुगड्याची दुपटी. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगून ठेवतो: आमचा भंडाऱ्याचा तांदूळ नेता येत नाही. २०११ पासून अमेरिकेने खापरा नावाच्या किड्याच्या भीतीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातला तांदूळ बंद केला आहे. तांदळाच्या जिल्ह्यातून जाऊन लेकीच्या घरी परक्या पोत्यातला भात खायचा, हा अपमान कुठल्याच भाड्यात धरलेला नसतो.

चौकातला आमचा एजंट रेल्वेची तिकिटं, पॅनकार्ड, चारधाम आणि शिकागो एकाच खुर्चीवरून करतो. लोक म्हणतात, मोबाईल असताना एजंट कशाला? मला ते पटत नाही. मोठ्या शहरांत तिकिटांचे ठोक व्यापारी असतात. त्यांच्याकडे कंपन्यांनी दिलेले काही खासगी भाव असतात, ते जाहीर होत नाहीत. असा भाव छोट्या एजंटामार्फतच हाती लागतो. कधी लागतो, कधी नाही. शिवाय परदेशात विमान चुकलं तर शिव्या द्यायला ओळखीचा माणूस असतो, ही सोय मोबाईलमध्ये अजून आलेली नाही. त्याने आम्हाला पावती उलगडून दाखवली. वर मूळ भाडं, खाली वायक्यू नावाचा आकडा. हा कर वाटतो, पण सरकारकडे जात नाही. तेल महाग झालं म्हणून कंपन्यांनी लावलेला हा अधिभार कंपनीच्याच गल्ल्यात जातो, आणि कधी कधी मूळ भाड्यापेक्षा मोठा असतो. तेव्हा "मूळ भाड्यावर २० टक्के सूट" अशी जाहिरात दिसली की आधी मूळ भाडं किती ते विचारावं.

त्यानेच दुसरा पर्यायही सांगितला. नागपूर-शिकागो एकाच तिकिटात न घेता, भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि तिथून विमान पकडायचं. हजारो रुपये वाचू शकतात. पण एका तिकिटात पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची व्यवस्था कंपनी करते. वेगळ्या तिकिटांत तुमचं नशीब तुमच्यापाशी. गाडी सकाळी मुंबईत, विमान रात्री उशिरा, म्हणजे मधे दिवसभराची सवड आहे. तो दिवस डोंबिवलीच्या चुलतभावाकडे काढावा लागतो, आणि तिथे पुन्हा विचारलं जातं, कितीत पडलं.

शेवटी सगळ्यात स्वस्त तिकीट कोणाला मिळालं? पवनीकडच्या आमच्या साडूंना. त्यांनी मंगळवार पाळला नाही, इनकॉग्निटो हा शब्द ऐकला नाही. त्यांची धानाची शेती. पीक निघून, खरेदी केंद्रावर मोजून, चुकारा म्हणजे धानाचे पैसे खात्यात पडायला जानेवारी उजाडला. पैसे आले तेव्हा त्यांनी तिकीट काढलं आणि फेब्रुवारीत न्यू जर्सीला पोराकडे गेले. रोवणी जुलैत, तोवर शेतावर त्यांच्यावाचून फारसं अडत नव्हतं. जाण्याची तारीख पक्की नव्हती, येण्याची घाई नव्हती, आणि त्या दिवसांत तिकडे बर्फ म्हणून कोणी शहाणा जात नाही. संगणकाने त्यांना अक्षरांच्या पार तळाशी नेऊन बसवलं. तिथे अंगणातला बर्फही त्यांनीच ओढला. फोनवर म्हणाले, "चिखलणीपेक्षा सोपं आहे जी."

आम्हाला हे जमणं शक्य नव्हतं. बाळ काही चुकारा पाहून जन्माला येत नाही. ज्याची तारीख जगात कोणी पुढे ढकलू शकत नाही अशा कामाला निघालेल्या आजी-आजोबांइतकं हक्काचं गिऱ्हाईक विमान कंपनीला दुसरं नाही. आम्ही दिला तो भाव मेडिकलवाल्याला सांगताना मात्र रीतीप्रमाणे उतरवूनच सांगितला.

तुम्हालाही असंच जावं लागणार असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. अमेरिकेला जाणारं किंवा तिथून निघणारं तिकीट थेट विमान कंपनीकडून, उड्डाणाच्या किमान ७ दिवस आधी घेतलं, तर तिथल्या सरकारच्या नियमाप्रमाणे कंपनीला दोनपैकी एक सोय द्यावीच लागते: २४ तासांत फुकट रद्द करू देणं, नाहीतर पैसे न घेता २४ तास भाव धरून ठेवणं. ते २४ तास हवे तितके भाव पाहा, रात्र जागवा, भाच्याला कामाला लावा. पंचविसाव्या तासापासून मात्र पाहणं बंद करा. भाव पुढे कधीतरी उतरणारच आहे. दिसलाच, तर घरात सांगू नका.