पॉपअप फॉर्म कसा करावा: आजरा तालुक्यातील नवशिक्यांसाठी

साहित्य: एक लॅपटॉप, एक मामा, मामांचं काजू खरेदीचं दुकान आणि मामांची वही. लॅपटॉप उसना चालेल. मामा मात्र सख्खेच हवेत. दुसऱ्यांचे मामा इतकं सोसत नाहीत.

मार्च ते मे आजऱ्यात काजू बीचा हंगाम. पोतं काट्यावर चढतं, मामा चार बिया फोडून बघतात, पोत्याचा कडता वजा करतात आणि वहीत एक ओळ लिहितात. ही वही आपल्याला कॉम्प्युटरवर न्यायची आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी बिघडत नाही, कारण तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी 'लो-कोड' नावाची सोय आहे. फॉरेस्टर या संशोधन कंपनीने २०१४ साली तिला हे नाव दिलं. वस्तू त्याहून जुनी. आपण ओरॅकलचं एपेक्स घेऊ. २००४ मध्ये ते 'एचटीएमएल डीबी' या नावाने आलं होतं. शिकण्यापुरती जागा फुकट मिळते, आणि फुकट म्हटल्यावर मामाही जरा मवाळ होतात.

पायरी १. वहीतले रकाने बघून टेबल करा: नाव, गाव, मोबाईल, वजन, दर. समासात पेन्सिलीने काही आकडे आणि फुल्या दिसतील. मामांची खाडाखोड समजून सोडून द्या. मीही सोडली होती.

पायरी २. नवीन पान घ्या, 'फॉर्म' निवडा, टेबलाचं नाव सांगा आणि पानाचा प्रकार 'मोडल डायलॉग' ठेवा. झालं. जेवढे रकाने तेवढ्या चौकटींची खिडकी तयार. मोडल म्हणजे ती मिटेपर्यंत मागच्या पानाला हात लावता येत नाही. चहा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणारी आत्या आठवा.

पॉपअप म्हटल्यावर कुणी नाक मुरडलं तर रागावू नका. नव्वदच्या दशकात पॉपअप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्या एथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली आहे. आपली खिडकी बोलावल्याशिवाय येत नाही, एवढं मामांना सांगून ठेवा.

पायरी ३. चौकटींची नावं यंत्र रकान्यांवरून उचलतं. टेबलात मी इंग्रजी अक्षरांत 'वजन केजी' लिहिलं, तेच तसंच्या तसं खिडकीत उगवलं. ते देवनागरीत करा आणि आटोपशीर ठेवा. मृत्युंजयकार शिवाजी सावंत आजऱ्यात जन्मले म्हणून प्रत्येक लेबलाने कादंबरीच्या वळणाने जायला हवं असं नाही. आकडे मात्र इंग्रजीच टाकायला सांगा. मराठी कळफलकावरून ४२ टाकलेत तर ही संख्याच नव्हे, असं यंत्र तोंडावर सांगतं.

कुठली चौकट सक्तीची, हेही इथेच ठरवा. मी मोबाईल नंबर सक्तीचा केला. पहिल्याच दिवशी पेरणोलीच्या एक मावशी पोतं घेऊन आल्या.

"मावशी, मोबाईल नंबर?"

"माझा कुठला रं बाबा, पोराचा हाय. नंबर त्येलाच ठावं."

खिडकी पुढे सरकेना, मागे रांग. मामांनी स्वतःचा नंबर टाकून वाट काढली. संध्याकाळपर्यंत नऊ शेतकऱ्यांचा मोबाईल एकच झाला होता.

पायरी ४. बटण. इथे घाई नको. तयार मिळणारं 'क्रिएट' हे नाव मला परकं वाटलं, म्हणून लेबल बदलायचं सोडून मी बटणाचं नावच 'जमा' केलं. आता, नोंद झाल्यावर खिडकी मिटवण्याचं काम एक वेगळी प्रोसेस करते, आणि ती क्रिएट, सेव्ह, डिलीट या तिघांनाच ओळखते. 'जमा' तिच्या पाहुण्यांत नव्हता. मामांनी बटण दाबलं. नोंद आत गेली, खिडकी जागची हलेना. मामांनी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून ती घालवली. पण फुलीने घालवलेली खिडकी मागच्या पानाला 'मी मिटले' अशी वर्दी देत नाही, त्यामुळे तिथली नोंदींची यादी ताजी होत नाही. यादीत मावशी नाहीत म्हणून मामांनी पुन्हा भरलं. मग तिसऱ्यांदा. रात्री हिशेबाला बसलो तर मावशींचं ४२ किलोचं पोतं १२६ किलोंचं झालेलं.

"तुझ्या खिडकीत काजूला पिल्लं हुत्यात काय रं?" मामांनी विचारलं.

तर बटणाचं नाव आहे तसं राहू द्या, फक्त लेबल बदला. यादीच्या भागावर 'डायलॉग क्लोज्ड' या घटनेला 'रिफ्रेश' जोडा. यादी आणि फॉर्म एका दमात करवून घेतले असते तर यंत्राने हे जोडकाम आपणहून केलं असतं. वेगवेगळे केलेत, आता निस्तरा.

पायरी ५. चौकटी कमी करा. वळीव आला की वीज जाते आणि अर्धी भरलेली खिडकी विजेबरोबर जाते. मोबाईलची सक्ती काढा. गाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या.

हुरूप येऊन विक्रीचाही फॉर्म करायला घेतलात तर प्रतवारीचीही अशीच यादी द्या: डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०. आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे गर. आकडा मोठा तो माल भारी, असा समज करून मी ३२० सगळ्यात वर ठेवला होता. मामा नुसतेच बघत राहिले.

पायरी ६. चाचणी. हंगामाच्या शेवटी मावशी पैसे न्यायला आल्या. मामांनी खिडकी उघडली, चष्मा कपाळावर नेला, खाली-वर पाहिलं.

"ह्यात उचल कुठं हाय?"

गणपतीच्या सणाला मावशींनी आगाऊ नेलेले दोन हजार. समासातले पेन्सिलीचे आकडे म्हणजे उचल, आणि फुली म्हणजे ती फिटली. हा रकाना टेबलातच नाही.

पायरी १ वर या. वही आता मामांच्या उशाखाली असते. मागून घ्या.