मागास भागाचा विकास : नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन! घटनेच्या उद्देशिकेत १९७६ पासून ‘समाजवादी’ हा शब्द आहे, तेव्हा समतोल विकास कुणीतरी करायलाच हवा. सरावासाठी पेण तालुक्यातलं जिते घ्या. पनवेल-रोहा मार्गावरच स्टेशन आहे, पाहणी करून संध्याकाळी घरी परतता येतं.

१. आधी समिती नेमा. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, ३,१८६ कोटी रुपये काढला. तो भरून काढायचं ठरलं. पुढच्या समितीने मोजला, तर १४,००६ कोटी! अनुशेष नीट जोपासला की असा वाढतो. (महागाईचा हिशेब मध्ये आणू नका, मजा जाते.)

२. मोजताना जिल्हा धरा, गाव नको. रायगडात पनवेल आहे, तळोजा आहे, उरणला बंदर आहे. पनवेलचा टॉवर आणि पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं कौलारू घर यांची सरासरी काढली की कागदावर दोघांनाही चांगले आठ-दहा मजले येतात. जित्याच्या माणसाला जिना सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, सवय होते त्याला.

३. विकास मंडळ स्थापा. १९९४ साली तीन झाली : विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. कोकण उर्वरितात, पुणे-कोल्हापूरच्या पंगतीत, शेवटच्या पानावर. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. मुदतवाढीची घाई अजिबात करू नका.

४. लोकांना विचारू नका. सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) पेणच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान घेण्याची चूक झाली होती. सेझ राहिला बाजूला, शेतकऱ्यांना मात्र आपल्याला मत असतं हे कळलं.

५. आता खरं कसब : पाणी. धरण मागास तालुक्यात बांधा, नळ पुढारलेल्या शहरात सोडा. हेटवणे धरण पेणमध्ये आहे, त्याचं पाणी नवी मुंबई पिते. कालवे सावकाश होऊ द्या. उन्हाळ्यात खारेपाटातल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसल्या की तिथे जा, सहानुभूती दाखवा, फोटो काढा. एखादी म्हणालीच, “साहेब, धरण आमचं ना?” तर तिला राज्याचं व्यापक हित समजावून सांगा. समजावताना बाटलीतलं पाणी तिच्यासमोर पिऊ नका, एवढं पथ्य पाळा.

इतकं जमलं? मग पुढचा तालुका निवडा, आणि जाताना अहवालाची एक प्रत जित्याच्या ग्रामपंचायतीत ठेवायला विसरू नका.