सहीनंतरची टापटीप

मला सिक्युरिटीचं काम मिळालं ते ज्ञानामुळे नव्हे. मीटिंगमध्ये मॅनेजरनं "हे कोण बघेल?" असं विचारलं, तेव्हा सगळ्या टीमनं एकदम लॅपटॉपमध्ये डोकं घातलं आणि चहा आला का ते बघायला मी नेमकी मान वर केली.

काम ऐकायला फुटकळ होतं. हिंजवडीत बसून आम्ही लिहिलेला जावा प्रोग्रॅम एका विमा कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, अमुक पॉलिसी चालू आहे का? सर्व्हर हो किंवा नाही म्हणणार. हा प्रश्न सोपच्या संदेशातून जायचा होता. म्हणजे एक्सएमएलचा एन्व्हलप, त्यात वर हेडर, खाली बॉडी. मी पहिल्याच कॉलवर विचारलं, "एचटीटीपीएस आहे ना? मग आणखी कशाला?"

पलीकडे मुंबईहून एक मॅडम होत्या. आवाजावरून निवृत्तीला आलेल्या आणि कशानंही न दचकणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, एचटीटीपीएस आमच्या गेटवेपर्यंत. तिथं ते सुटतं. पुढे संदेश आतल्या कितीतरी सर्व्हरांतून जातो. वाटेत कुणी आकडा बदलला तर कळायचं कसं? म्हणून सही संदेशाच्या आतच पाहिजे." त्यासाठी डब्ल्यूएस-सिक्युरिटी होतं, ओएसिसचं २००४ सालचं स्टँडर्ड. त्याची पीडीएफ मी छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टेबलावर ठेवली. चहाच्या कपाला तिचा फार उपयोग झाला.

हे सगळं करून देणारी अपाचीची डब्ल्यूएसएसफोरजे नावाची लायब्ररी आहे, फुकट आहे, पारखून घेतलेली आहे. मी ती नाकारली. जावा ६ मध्येच सही करायचा एपीआय आलाय, संदेश जाता-येता अडवायला हँडलर आहेत, शेदोनशे ओळींचं तर काम. "स्वतः लिहिलं की समजतं," असं मी टीमला ऐकवलं. टीमनं पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

पहिला हिसका जोडणीतच बसला. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' ही एरर ज्या जावावाल्यानं पाहिली नाही तो अजून कॉलेजात असणार. समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट कुणी दिलं ते जावाला ओळखता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. उपायही साधा आहे. ते सर्टिफिकेट कीटूलनं ट्रस्टस्टोअरमध्ये घालायचं. जावाबरोबर येणाऱ्या सीएसर्ट्स फाइलचा पासवर्ड तर जगजाहीर, 'चेंजइट'. पण मला घाई होती, म्हणून मी सगळ्यांवर विश्वास ठेवणारा ट्रस्टमॅनेजर लिहिला. त्यात तपासणीची मेथड असते आणि तिच्या पोटात काहीच नसतं. वर कॉमेंट टाकली, 'तात्पुरतं'. म्हणजे संदेशावर कडेकोट सही करायची, आणि तो कुणाच्या हातात जातोय ते विचारायचं नाही! ही कॉमेंट पुढे बरीच टिकली.

मग वेळेचा घोळ. जुना संदेश पकडून कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून हेडरमध्ये तो कधी बनला आणि कधी शिळा होणार हे लिहितात. डब्ल्यूएसएसफोरजे घेतलं असतं तर ते त्यानंच लिहिलं असतं, ३०० सेकंदांची मुदतही घातली असती. मी तारीख हातानं बनवली. शेवटचं 'झेड' अक्षर हवं होतं, ते अवतरणात घालून चिकटवलं. त्या झेडचा अर्थ यूटीसी असा होतो, आणि माझ्या मशीनवर वेळ होती भारतीय.

"सर," मॅडम म्हणाल्या, "तुमचा मेसेज साडेपाच तास पुढून येतोय. आमचा सर्व्हर एक मिनिटापर्यंतचं भविष्य चालवून घेतो."

आता मुख्य भानगड. त्यासाठी माझा एक गुण सांगायला हवा. मी टापटिपीचा माणूस आहे. कोडमधली ओळ चारऐवजी तीन स्पेसवर सुरू झालेली दिसली की मला घास गिळवत नाही. ज्युनिअर पोरांच्या कोडवर माझे शेरे लॉजिकबद्दल कमी आणि समासाबद्दल जास्त असायचे. तर अशा माणसानं लॉगिंगचा हँडलर लिहिला. सोपचे संदेश एका लांबलचक ओळीत येतात, वाचता येत नाहीत. मी ते नीट पायऱ्या-पायऱ्यांनी मांडून लॉगमध्ये छापले. लॉगमध्ये जे दिसतं तेच तंतोतंत बाहेर जायला हवं, या तत्त्वाला जागून तो मांडलेला मजकूर पुन्हा संदेशात भरला. आणि अगदी शेवटचं रूप टिपता यावं म्हणून हा हँडलर साखळीत शेवटी लावला. सहीच्या हँडलरनंतर.

सब-रजिस्ट्रारपुढे सह्या-अंगठे झालेला दस्त घरी आणून त्यात नवे परिच्छेद पाडावेत, तसा हा प्रकार. एक्सएमएलच्या सहीत एक सोय आहे, तिला कॅनॉनिकलायझेशन म्हणतात. ॲट्रिब्यूटचा क्रम उलटसुलट झाला, एकेरी अवतरणाचं दुहेरी झालं, तर ती पोटात घालते. दोन टॅगांच्या मधली मोकळी जागा मात्र ती मजकूर धरते. एक एंटर आणि चार स्पेस वाढले की हॅश बदलला, हॅश बदलला की सही खोटी.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा फक्त 'इन्व्हॅलिड सिग्नेचर' येत होतं, आणि तेही सरसकट नाही. मॅडम म्हणायच्या, "सर, सकाळचा एक बरोबर आला होता." सकाळी मी लॉग बंद ठेवायचो. मग खुशीत, बरोबर गेलेला संदेश दिसतो तरी कसा ते बघायला लॉग चालू करायचो आणि सही मोडायची. मोडली म्हणून आणखी लॉग. शेवटी कंटाळून लॉग बंद करून घरी जायचो, आणि रात्रीचा ऑटोमॅटिक टेस्ट हिरवागार पास. मी नेटवर्कवर संशय घेतला, त्यांच्या गेटवेवर घेतला, एकदा तर लोड-शेडिंगवरसुद्धा. माझ्या तोंडून 'रेस कंडिशन' हा शब्द ऐकून मॅनेजरनं आदरानं मान हलवली होती.

एका दुपारी आम्ही फोनवर हॅश ताडून पाहिला. एसएचए-१ चा हॅश बेस-६४ मध्ये लिहिला की २८ अक्षरांचा होतो.

"कॅपिटल के," मी वाचत होतो.

"कॅपिटल के."

"स्मॉल क्यू. प्लस. सात."

"प्लस म्हणजे बेरजेचं ना?"

"बेरजेचं. शेवटी बरोबरचं चिन्ह."

सगळी अक्षरं जुळली. मी विजयी मुद्रेनं खुर्चीत मागे रेललो. "बघा मॅडम, आमच्याकडून सगळं ठीक आहे."

"सर, हा तुम्ही लिहून पाठवलेला झाला. आता आमच्या सर्व्हरनं मोजलेला वाचू का? कॅपिटल डी..."

पुढचं मी ऐकलं नाही. मॅडम मात्र कागदपत्रं चाळत होत्या, आणि काही बोलायचं म्हणून म्हणाल्या, "पण तुमचं एक्सएमएल किती सुरेख येतं हो सर. बाकीच्या कंपन्यांचं सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं. तुमचं कसं, एकाखाली एक."

मी म्हणालो, "थँक्यू मॅडम. पहिल्यापासून सवय आहे."

फोन ठेवला. शेजारी बसलेला आमचा फ्रेशर हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिला. समासावरून मी त्याला सर्वांत जास्त छळलं होतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, त्यांच्याकडे एकाखाली एक कसं दिसतं? आपण तर फक्त लॉगमध्ये..." आणि थांबला. शहाणा मुलगा. पुढे फार वर गेला.

ती एक ओळ मी काढून टाकली आणि सही पहिल्या झटक्यात पास झाली. लगोलग नवीन एरर. सर्व्हरनं सही केलेलं उत्तर पाठवलं, पण त्यातला सिक्युरिटी हेडर 'समजलाच पाहिजे' अशा खुणेचा होता आणि तो समजला नाही म्हणून संदेश फेटाळला गेला. मी तडक फोन लावून मॅडमना जरा चढ्या आवाजात विचारलं की तुमच्या सर्व्हरला स्वतःचाच हेडर समजत नाही का.

"सर, ही एरर तुमच्या बाजूची आहे. आमचं उत्तर केव्हाच गेलं."

खरंच होतं. कोणते हेडर आपल्याला कळतात ते हँडलरनं गेटहेडर्स नावाच्या मेथडमधून जाहीर करायचं असतं. माझी मेथड नल परत करत होती, म्हणजे आपल्याला काहीच कळत नाही असं माझ्या कोडनं लेखी देऊन ठेवलं होतं. याच धांदलीत मी आधीचे लॉग दोन्हीकडच्या सगळ्यांना सीसी करून पाठवले होते, आणि त्यात यूजरनेम टोकनमधला पासवर्ड स्वच्छ, सुवाच्य, स्वतंत्र ओळीवर छापलेला होता. तो बदलून घ्यायला तीन विभागांच्या मंजुऱ्या लागल्या.

अखेर प्रकरण प्रॉडक्शनला गेलं. केक कापला. मॅनेजरनं माझी ओळख 'आमचे सिक्युरिटी एक्स्पर्ट' अशी करून दिली आणि मी ती खोडून काढली नाही. सहीची किल्ली मी कीटूलनंच बनवली होती, टेस्टिंगला वापरलेली तीच पुढे प्रॉडक्शनला नेली. मुदत किती ते सांगायचं राहून गेलं. न सांगितली तर कीटूल ९० दिवस धरतो, हे मला एका शनिवारी सकाळी कळलं, हातात पोह्यांची बशी असताना.

"सर, तुमचं सर्टिफिकेट काल रात्री एक्स्पायर झालं. सगळ्या रिक्वेस्ट रिजेक्ट होतायत."

"मॅडम, सोमवारपर्यंत काही ग्रेस पिरियड वगैरे?"

"तो पॉलिसीला असतो, सर."