स्टायपेंड नाही, प्रमाणपत्र मिळेल

ज्या देशात निर्वासितांसाठी कायदा नाही, त्या देशात निर्वासितांच्या कायद्याची इंटर्नशिप मात्र जोरात चालते. यात नवल काही नाही. कायदा असता तर वकील लागले असते, आणि वकील फुकट येत नाहीत. कायदा नाही म्हणून टिपणं लागतात, आणि टिपणं लिहायला सुट्टीतली पोरं पुरतात.

भारतानं 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, 1967 च्या पुरवणी करारावरही नाही. न्यायमूर्ती भगवतींच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात एक नमुना कायदा तयार झाला, तो नमुनाच राहिला. शशी थरूर यांनी 2015 मध्ये खासगी विधेयक मांडलं, ते खासगीच राहिलं. 1946 चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 2025 चा नवा आला, पण निर्वासित म्हणजे कोण हे त्यानंही सांगितलं नाही. तेव्हा ‘भारताला निर्वासित कायद्याची गरज’ या विषयावर पॉलिसी इंटर्नांना पुढची पन्नास वर्षं कामाचा तुटवडा नाही. मागच्या बॅचचं टिपण उघडायचं आणि साल बदलायचं.

आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतल्या एका वकीलसाहेबांच्या लेकीची दिल्लीतल्या अशाच एका संस्थेत निवड झाली. जाहिरात मी डोळ्यांनी वाचली. इंग्रजीवर प्रभुत्व हवं, दारी किंवा बर्मी भाषा येत असल्यास उत्तम, ताण सहन करण्याची तयारी हवी, लॅपटॉप स्वतःचा आणावा. स्टायपेंड नाही, प्रमाणपत्र मिळेल. शेवटी एक ओळ : ‘वंचित घटकांतील उमेदवारांनी आवर्जून अर्ज करावा.’ दिल्लीतलं पीजीचं भाडं हा वंचित घटक कुठून भरणार, याचा खुलासा नव्हता. वकीलसाहेबांनी मुकाट्यानं एक मुदत ठेव मोडली.

इंटर्नला काळा कोट लागतो, बार कौन्सिलच्या नियमातच आहे तो. कोटाचं कापड कुठं स्वस्त? जवळच्या गांधीनगरला. मायलेकी जाऊन कापड घेऊन आल्या. आजी कोपऱ्यात बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, “निर्वासित बघायला दिल्लीला चाललीस व्हय? मग आत्ता कुठं जाऊन आलीस?”

आजींचा मुद्दा बिनतोड होता. गांधीनगर ज्या वळिवड्याच्या माळावर वसलं, तिथंच 1943 ते 1948 पोलंडहून आलेल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, बायका आणि पोरंच जास्त. ते गेले आणि त्याच जागेत फाळणीनंतरचे सिंधी आले. आज तिथं घाऊक कापडबाजार आहे. तिकडं गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. पण गोठणगावची इंटर्नशिप लिंक्डइनवर शोभत नाही. ‘थ्रिल्ड टु अनाउन्स’ म्हटल्यावर पुढं दिल्ली यावी लागते, जिनिव्हा आलं तर सोन्याहून पिवळं.

जिनिव्हाचीही तऱ्हा ऐका. 2015 च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न, वय 22, तिथल्या तळ्याकाठी तंबूत राहतो अशी बातमी जगभर झाली. लक्ष वेधण्यासाठी आपण तो घाट घातला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. लक्ष वेधलं गेलं, त्यानं इंटर्नशिप सोडली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 14 वं कलम आश्रय मागण्याचा हक्क देतं आणि 23 वं कलम कामाच्या रास्त मोबदल्याचा. इंटर्नांनी 14 व्यावर टिपण लिहायचं असतं. तिथून पुढची पानं उलटू नयेत.

तर आमची पोर दिल्लीला पोचली. पहिल्या आठवड्यात तिनं चहाची वर्गणी दिली आणि फायलींना नावं दिली. दुसऱ्या आठवड्यात तिच्यापुढं निर्वासित दर्जा मागणाऱ्या एका अफगाण माणसाचा जबाब आला. त्यातल्या तारखा त्यांच्या सौर पंचांगातल्या. 24 असद 1400 म्हणजे 15 ऑगस्ट 2021, काबूल पडलं तो दिवस. असा एकेक दिवस जुळवायचा. एक तारीख चुकली की ‘जबाबात विसंगती’ असा शेरा बसतो आणि माणूस खोटा ठरतो. पोर हुशार. तिसऱ्या आठवड्यात ती न अडखळता तारखा लावायला लागली. त्या गृहस्थांच्या आधीच्या जबाबातली एक चूकही तिनं पकडली. ती चूक त्यांची नव्हती, आधीच्या इंटर्नची होती.

चौथ्या आठवड्यात तिला प्रमाणपत्र मिळालं, कारण सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप बार कौन्सिलला चालत नाही. सोमवारी नवा मुलगा आला. कोट कडक, लॅपटॉप नवा. त्यानं त्या गृहस्थांना समोर बसवलं आणि सौजन्यानं विचारलं, “अगदी सुरुवातीपासून सांगाल का?” त्यांनी सांगितलं. एव्हाना त्यांची हकिगत इतकी घोटून झाली आहे, की मुलाखत घेणाऱ्यांना ती पाठ केलेली वाटण्याचा धोका आहे. काय करणार, सराव दर महिन्याला होतो.

संस्थाचालकांना एक सुचवावंसं वाटतं. वर्षाला बारा इंटर्न घेण्यापेक्षा दारी जाणणारा, तारखा लावणारा, टिकून राहणारा एकच पगारी माणूस ठेवा. दूर जायला नको, लाजपतनगर आणि भोगलच्या अफगाण वस्तीतच असा माणूस मिळेल. अडचण एवढीच, की त्याच्याकडं दीर्घ मुदतीचा व्हिसा नसेल तर त्याला रीतसर पगारावर ठेवता येत नाही.