बेचायीसच त हाय

मुंबईत पाऊस पडला की महाराष्ट्रात पावसाळा सुरू होतो. नाचणगावला हे टीव्हीवरून कळतं, आणि टीव्ही कूलरच्या झोतात ठेवलेला असतो. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, वाहिन्यांचे वार्ताहर गुडघ्यापर्यंत विजारी दुमडून पाण्यात उभे राहिले, आणि सगळ्या राज्याचा उन्हाळा त्या संध्याकाळी परस्पर रद्द झाला.

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं, पुलगावला खेटून वसलेलं नाचणगाव मात्र पंचांग धरून बसलं होतं. त्या दिवशी रोहिणीतला सूर्य जेमतेम दोन दिवसांचा, म्हणजे नऊ तापत्या दिवसांच्या नवतपाचा दुसरा दिवस. मृग अजून बारा-तेरा दिवस लांब. मुंबईत घाईघाईने हजर झालेला पाऊस पुढे विदर्भाच्या वेशीवर रेंगाळला तो जूनच्या मध्यापर्यंत. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग सांगत होता. गावात घाई कुणाला नव्हती. घाई झाली होती ती बातम्यांना.

हवामान हा मुळात मोठ्या शहरांचा विषय आहे. लहान गावांना असतं ते ऊन.

आकडेच बघावेत. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेतला आजवरचा सर्वांत तापलेला दिवस म्हणजे १४ एप्रिल १९५२, पारा ४२.२ अंश. सत्तर वर्षं उलटली तरी तो विक्रम जपून ठेवलेला आहे. नाचणगावातल्या कुठल्याही आजीला मे महिन्यात ४२.२ ऐकवा. ती पदराने मान पुसत म्हणेल, ‘‘आज बरं हाय बाप्पा, बेचायीसच त हाय.’’ शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी लोक नेहमीसारखे डोक्याला दुपट्टा बांधून कामाला गेले. कारण दुसऱ्या दिवशीही काम होतं.

उष्णतेची लाट ही चीजही सरकारी कागदाशिवाय येत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात आधी कमाल तापमान निदान ४० हवं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं हवं. किंवा मग सरळ ४५ गाठायला हवं. किनाऱ्यावर ३७ ला विचार सुरू होतो. शिवाय निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे घडावं लागतं. घोषणा दुसऱ्या दिवशी. वर्ध्याकडे मेची सरासरीच बेचाळिशीच्या घरात. तेव्हा ४४.९ अंशाला गावातला कावळा चोच उघडी टाकून निंबाखाली बसला असला, तरी कागदावर लाट नसते. ती एका दशांशाने हुकलेली असते, बारावीतल्या पोरासारखी.

हा आकडाही पुन्हा सावलीतला. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत राहतो. त्याच्यावर थेट ऊन पडू नये, वारा मात्र खेळावा, अशी व्यवस्था असते. कापूस निघून गेलेल्या काळ्या रानात पऱ्हाटी उपटणाऱ्या बाईला अशी पेटी मिळालेली नाही. सरकारी पारा आणि तिचा पारा यांत फरक पडतो तो एवढ्याचसाठी.

तरी विदर्भालाही एकदा राष्ट्रीय प्रसिद्धी मिळाली होती. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देश हादरला. दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, नागपूरच्या रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या यंत्राने ५६ चा आकडा टाकला. राजधानीवर उपराजधानीने अशी मात याआधी कधी केली नव्हती. पण सुख फार टिकलं नाही. त्याच नागपुरातली दुसरी काही यंत्रं ४४ च्या आसपास होती, आणि संवेदक बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. मुंगेशपूरचं यंत्रही तीन अंश जास्त दाखवत होतं म्हणे. नाचणगावात या खुलाशाने फार निराशा झाली. यंत्राला झळ लागून ते बरळायला लागलं, यात न पटण्यासारखं काय आहे, असा पारावरचा सूर होता.

मुंबईकराच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याचे ३४ अंश दमट असतात. हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. लोकल गाडीत हा घाम सार्वजनिक होतो, ते वेगळं. वर्धेकाठची हवा कोरडीठाक. इथे घाम दिसायच्या आत उडतो. याच कोरडेपणावर विदर्भाचा एक अख्खा धंदा उभा आहे, तो म्हणजे कूलर.

पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारी हातभर नळीची मोटर आणि विमान उडेल एवढ्या आवाजाचा पंखा. एप्रिल लागला की गेल्या वर्षीचं गवत उपसायचं. ते खाऱ्या पाण्याच्या थराने पांढरं आणि पापडासारखं कडक झालेलं असतं. नवं गवत भरायचं, ऐपत असेल तर खसची ताटी. पहिल्या दिवशी घरभर ओल्या मुळांचा वास सुटतो आणि घरातली म्हातारी माणसं चहा मागतात. दुपारी टाकी रिकामी होते. बादल्या कुणी ओतायच्या यावरून घराघरांत जी भांडणं होतात, त्यांची नोंद कुठल्याही वेधशाळेत नाही. आधी बटण बंद करा, मग पाणी भरा, असं महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं. वीज गेली की हा सल्ला आपोआप पाळला जातो. आणि पहिल्या पावसाने हवा दमट झाली, की हाच कूलर गार वाऱ्याऐवजी चिकचिक फेकायला लागतो. त्या आठवड्यापुरता नाचणगावकर मुंबईकर होतो.

राज्यकर्त्यांना विदर्भाचं हवामान ठाऊक नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखून ते जवळजवळ दरवर्षी अधिवेशनासाठी नागपूरला येतात. येतात डिसेंबरात. तेव्हा हवा काय छान असते! संत्री गोड, सकाळी धुकं, रात्री शेकोट्या. अधिवेशनाचं नावच हिवाळी. २०१८ साली मात्र पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. ६ जुलैला पाऊस कोसळला, विधान भवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि दिवसाचं कामकाज गुंडाळावं लागलं. मे महिन्यातल्या अधिवेशनाचा प्रयोग अजून कुणी केलेला नाही.

गांधीजी तेवढे वेगळे निघाले. ते शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, पहिल्यांदा पोचले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. ऐन वैशाखात! डोक्यावर ओल्या मातीची पट्टी ठेवणं हा त्यांचा आवडता उपचार होता; वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्याला उपचार म्हणायचं की शहाणपण, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ‘चले जाव’चा ठराव वर्ध्यात केला. गाजला तो ऑगस्टात, मुंबईच्या गवालिया टँकवर. इथे तापायचं आणि तिथे गाजायचं, ही रीत तेव्हापासूनची.

पावसाचा हिशेब उन्हाहून कडक आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी. ६४ पडला तर नुसता पाऊस, मग सोयाबीन पाण्याखाली असो की पाण्यावर. यंत्र मंडळाच्या एका टोकाला आणि ढग दुसऱ्या टोकाला फुटला, तर चूक ढगाची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत हेच झालं होतं: सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३. तेव्हा कुलाब्याकडे बोट दाखवून मुंबईत विशेष काही झालं नाही, असं कुणी म्हटलं नाही.

मेच्या शेवटी डोंबिवलीच्या पोराचा गावी फोन येतो. ‘‘आई, इकडे मस्त गारवा सुटलाय. तिकडे पाऊस?’’ आई फोन कानाशी खांद्याने दाबून धरते. दोन्ही हातांत बादली असते.

‘‘हो, पडून राह्यला ना,’’ ती म्हणते. ‘‘तुह्या टीव्हीत पाह्यला आत्ताच. थांब, बटन बंद कराचं राह्यलं.’’