मेनफ्रेमचे मानपान

नवा डेटाबेस जुन्या मेनफ्रेमशी जोडणे ही सोयरीक आहे, आणि सोयरिकीत मुलीकडच्यांनी काय करायचे असते हे कोणाला शिकवायला नको. मुलीकडचे म्हणजे आपण: पोस्टग्रेस, लॅपटॉप आणि थोडा आगाऊपणा. मुलाकडचे म्हणजे आयबीएमचे खानदान. घराणे १९६४ च्या सिस्टिम/३६० पासूनचे, डीबीटू त्या घरात १९८३ पासून नांदतो. बोलणी करायला त्यांच्या बाजूने येतात ते काका.

प्रत्येक प्रकल्पात एक काका असतातच. आमचे पुण्यात, माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. मी टेबल तयार करून दाखवले की चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणत, "छान आहे. आता हे पुसून टाक." पुढील नियम त्या पुसापुशीतून निघालेले आहेत.

नियम १. नावे आखूड ठेवावीत.
डीबीटूच्या आठव्या आवृत्तीपूर्वी कॉलमच्या नावाला १८ अक्षरांची मर्यादा होती. ती २००४ साली उठली, पण काकांना ते कळवलेले नाही. 'कस्टमर'चे 'कस्ट' करावे, 'अकाउंट'चे 'अ‍ॅक्ट'. स्वर ही काकांच्या मते चैन आहे. नावे अवतरणचिन्हांत घालू नयेत. एकदा घातली की जन्मभर घालावी लागतात. अवतरणाविना पोस्टग्रेस सगळी नावे स्मॉल करतो, डीबीटू सगळी कॅपिटल. काका तर ईमेलसुद्धा कॅपिटलमध्येच लिहीत. सुरुवातीला मला वाटे, रागावलेत.

नियम २. व्हारकॅरचा मोह टाळावा.
व्हारकॅर कोबोलकडे जाताना पुढे दोन बाइटांची लांबी घेऊन जातो, आणि रेकॉर्डचे मोजमाप करणाऱ्याचे डोके फिरते. कॅर(३०) म्हणजे ३०. पानावर तिघेच बसले तरी पंगत तिसांची मांडायची, उरलेल्या जागी स्पेस. आणि हे तीस बाइट आहेत, अक्षरे नव्हेत. स्पॅनिश आडनावातले डोक्यावर मात्रा असलेले एखादे अक्षर आपल्या यूटीएफ-८ मध्ये जास्त बाइट खाते, तिकडे एका बाइटात मावते. लांबी तिकडच्या मापाने मोजावी.

नियम ३. पैशाला माप द्यावे.
पोस्टग्रेसमध्ये नुसते 'न्युमरिक' लिहून मोकळे होता येते. डीबीटूचा डेसिमल ३१ अंकांना थांबतो, आणि कोबोलला तर आधीच सांगावे लागते की पूर्णांक किती, दशांश किती. न्युमरिक(९,२) लिहावे. तिकडे त्याचा कॉम्प-थ्री होतो: अर्ध्या बाइटात एक अंक, शेवटच्या अर्ध्यात अधिक-उण्याची खूण, नऊ अंक पाच बाइटांत. आपण चार जणांत एक पिझ्झा नीट कापू शकत नाही, आणि ही मंडळी बाइट कापत होती.

तिकडे पाठवलेल्या माझ्या पहिल्या फाइलमध्ये काही रकमा अजून ठरायच्या होत्या. त्यांच्या जागी मी सभ्यपणे स्पेस सोडल्या. ग्राहकाची अमेरिकेतली रात्र म्हणजे आमची सकाळ. साबुदाण्याच्या खिचडीचा दुसरा घास तोंडात असताना फोन आला: एस-झीरो-सी-सेव्हन. ज्याने मेनफ्रेमवर एकदा तरी काम केले आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याने केले नाही त्याला एवढेच सांगतो, की यंत्राला बेरजेसाठी अंक हवा होता आणि हाती भलतेच लागले. काकांनी दहा मिनिटांत रेकॉर्ड शोधले. ओरडले नाहीत. "शून्य वेगळं, रिकामं वेगळं रे," एवढेच म्हणाले आणि माझी खिचडी पुढे ओढून संपवली.

नियम ४. नल पाठवू नये.
नॉट नल, आणि सोबत डिफॉल्ट. समोरच्या प्रोग्रॅमने नलची सोय केलेली नसेल तर मायनस तीनशे पाच हा एरर मिळतो. "'माहीत नाही' हे काय उत्तर झालं?" (काका.)

नियम ५. बूलियन नको. कॅर(१), वाय किंवा एन. वाद घालू नये.

नियम ६. अनंताला तारीख द्यावी.
पोस्टग्रेसमध्ये तारखेच्या जागी चक्क 'इन्फिनिटी' लिहिता येते. मी लिहिली होती. डीबीटूत अनंतकाळ ३१ डिसेंबर ९९९९ रोजी संपतो. त्या आठवड्यात रजा मिळणार नाही.

नियम ७. क्रमावरून भांडू नये.
आपल्या आस्कीत आधी अंक, मग कॅपिटल, मग स्मॉल. त्यांच्या एबसिडिकमध्ये आधी स्मॉल, मग कॅपिटल, शेवटी अंक. शिवाय आय आणि जे यांच्यामध्ये भोक, आर आणि एस यांच्यामध्ये भोक, कारण ही अक्षरे पंचकार्डाच्या वळणाने आलेली. दोन फाइली क्रमाने जुळवणारा प्रोग्रॅम आपली फाइल पाहून गोंधळतो. हा क्रम आपल्या बाजूने साधणारी क्वेरी मी दोन दिवस लिहीत होतो. काका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिकडे सॉर्टची एक पायरी टाक की." दोन दिवस गप्प का बसलात विचारले, तर म्हणाले, "रंगला होतास."

नियम ८. शेवटी फिलर ठेवावा.
फिलर, कॅर(२०). आत काही नाही, फक्त स्पेस. यावर मी खरोखर भांडलो. कॉलम लागला तर ऑल्टर टेबल आहे, रिकाम्या जागेचे भाडे कशाला भरायचे? काका म्हणाले, टेबल तुझं आहे, रेकॉर्डची लांबी सगळ्यांची. मी मान हलवली, फिलर ठेवला आणि कँटीनमध्ये नक्कल करून दाखवली.

काका निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी ग्राहकाने दहा अक्षरांचा एक नवा कोड मागितला. फिलर वीसचा दहा केला, कोड त्यात बसवला, रेकॉर्डची लांबी तीच राहिली. ज्यांना तो कोड नको होता त्या प्रोग्रॅमांना कोणी हातही लावला नाही. न राहवून मी काकांना फोन केला. ते खूश होतील, निदान "सांगितलं नव्हतं?" म्हणतील, अशी अपेक्षा होती.

"म्हणजे दहाच उरले?" काका काळजीने म्हणाले.